रद्द झालेली भाजीवाली

लेकीच्या कॉलेजच्या व्हॉलीबॉल टीमला सीझन संपल्यावरच्या मोठ्या स्पर्धेतून बाद केलं. तिने फोनवर हे सांगितलं, तेव्हा मी अमेरिकेत, नेपरव्हिलच्या आमच्या किचनमध्ये फोन स्पीकरवर टाकून कणीक मळत होते. कारण काय, तर जुन्या कोचबाईंनी दोन खेळाडूंचे निबंध दुसऱ्याकडून लिहून घेतले होते. बाई आता भलत्याच कॉलेजात नोकरीला, त्या दोघी डिग्री घेऊन पसार. आणि शिक्षा कोणाला? माझ्या लेकीला! तिचं हे शेवटचं वर्ष, पुन्हा संधी नाही.

माझं डोकंच फिरलं.

नवरा म्हणाला, "अगं, टीम म्हटलं की सगळे आलेच. वचक नको का बसायला?"

"तू गप्प बस," मी म्हटलं आणि फोनकडे वळले. "मी ईमेलच लिहिते तुझ्या कॉलेजला. कोणी केलं ते माहीत असताना सगळ्यांना कसली शिक्षा करता? एवढी साधी अक्कल नाही?"

लेक म्हणाली, "आई, यू कॅन्सल्ड अवर प्ले."

"कुठलं प्ले?"

"मराठी शाळेचं. आय वॉज द भाजीवाली."

अरे देवा. तेव्हा मी मंडळाच्या रविवारच्या मराठी शाळेत शिकवायचे. लेक दहा वर्षांची, माझ्याच वर्गात. 'माझा आवडता सण' यावर दहा ओळी लिहून आणायला सांगितल्या होत्या. तीन वह्यांत अक्षर कसं मोत्यासारखं, आणि मजकुरात चक्क 'मांगल्याची उधळण'! इथल्या पोरांना मांगल्य ठाऊक? शनिवारी आयांनीच बसून लिहिलेलं. मी अशी काही भडकले की अख्ख्या वर्गाचं स्नेहसंमेलनातलं नाटक रद्द करून टाकलं. शिस्त म्हणजे शिस्त!

लेकीने स्वतः लिहिलं होतं, हे मला पक्कं माहीत होतं. माझ्यासमोर बसून, खोडून खोडून पान फाडलं होतं तिने.

आणि आता खरं सांगते. त्या तिघी आया कोण, हेही मला माहीत होतं. एक मंडळाची अध्यक्ष, दोघी माझ्या भिशीतल्या. त्यांना तोंडावर विचारायची माझी हिंमत झाली नाही. पोरांवर ओरडणं सोपं होतं, म्हणून ओरडले.

"तुला डायलॉग आठवतो अजून?" मी विचारलं.

"मेथी घ्या ताई, आत्ताच खुडून आणलीय!" ती एका दमात ओरडली. नवऱ्याने टाळ्या वाजवल्या. माझे हात कणकेत होते, आणि डोळे पुसायची पंचाईत.

"चुकलंच माझं. सॉरी गं."

"इट्स ओके, आई. चल, प्रॅक्टिसला जाते."

"आता कशाला प्रॅक्टिस?"

बोलले आणि जीभ चावली. नाटक रद्द झाल्यावरही ती कितीतरी दिवस कपड्यांची बास्केट डोक्यावर घेऊन घरभर मेथी विकत होती. तेव्हाही मी हेच म्हणाले होते, आता कशाला?

"शनिवारी मॅच आहे ना," ती म्हणाली. "सीझनमधली, साधीच आहे. तुम्ही येताय?"

"येतोय," मी म्हटलं. "पहिल्या रांगेत बसतो."