खिडकीतली बाई

रियाधला आमच्या वरच्या मजल्यावर एक मेक्सिकन इंजिनियर आणि त्याची बायको राहत. इराकने कुवेत घेतलं तसं त्याच्या कंपनीने सगळ्यांच्या बायकांना मायदेशी पाठवलं. जाताना ती मला एक चित्र देऊन गेली. जमिनीवर अंथरतात ते लिनोलियम कोरून, त्यावर शाई फासून कागदावर उठवलेलं. कोरलेलं पांढरं, राहिलेलं काळं, मधलं काही नाही. गिरणीच्या बंद फाटकासमोर संपावरच्या बायका बसलेल्या आणि एक जाडजूड बाई मूठ वर करून उभी. कपाळाला या आठ्या! मला ती फार आवडली.

मी चित्र पुठ्ठ्यावर चिकटवून हॉलमध्ये लावलं. आमचे हे हादरलेच. "संपाचं चित्र? या देशात? कुणी पाहिलं तर इकामा जाईल, राहायचा परवानाच!" त्याच दिवशी त्यांनी ते काढून बेडरूममध्ये कपाटामागे सारलं.

मला सातवा महिना लागला होता. आणखी थोडे दिवस गेले असते तर विमानात घेतलं नसतं. मला आईकडे जायचं होतं, पण पासपोर्ट कफीलकडे, म्हणजे यांना नोकरीवर आणणाऱ्या सौदी मालकाकडे, आणि त्याच्या संमतीशिवाय बाहेर पडायची सोय नाही. "आज विचारतो," म्हणून हे रोज सकाळी जात आणि संध्याकाळी चहाचा कप घेऊन गप्प बसत. माणसं पळताहेत म्हणून कफील आधीच तापलाय, म्हणे. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, दुसरं काय!

मग युद्ध सुरू झालं. गॅसच्या भीतीने सगळ्यांनीच एकेक खोली प्लास्टिक आणि टेप लावून बंद केली होती. आमची बेडरूम. एका संध्याकाळी भोंगा वाजला, पाठोपाठ कुठेतरी मोठा धमाका झाला आणि खिडकीची काच तडकून एक तुकडा खाली पडला. यांनी हाताला लागला तो पुठ्ठा उचलला, भोकावर दाबला आणि चारी बाजूंनी टेप मारली. दाराखाली ओला टॉवेल कोंबून आम्ही पलंगावर बसलो. पोटातलं बाळ बराच वेळ हललं नव्हतं. यांना मी ते सांगितलं नाही.

सकाळी कफील आला. इमारत त्याचीच, नुकसान बघायला आला होता. आम्ही तळमजल्यावर. परक्या पुरुषासमोर जायची पद्धत नाही, म्हणून मी दाराआड उभी राहिले. तो बाहेरूनच ओरडला, "खिडकीत ही कोण?"

 पुठ्ठ्याची चित्राची बाजू बाहेर लागली होती. मूठ वर केलेली ती बाई सबंध गल्लीला दिसत होती.

हे दारात गेले. मग मोडक्या अरबीत एकदम म्हणाले, "मदाम. माझी मदाम."

कफीलने तोंड फिरवलं असावं, कारण आवाज लांबून आला. "अस्तगफिरुल्ला! बायकोचं चित्र रस्त्याकडे? काढ आधी!" मग त्याने विचारलं, "एवढी कुणावर रागावलीय?"

"घरी जायचंय तिला. सातवा महिना आहे."

"मग इतके दिवस तोंड शिवलं होतं का? खलास. दुपारी येऊन पासपोर्ट घेऊन जा."

दुपारी हे आले. रियाधहून विमानं बंद होती, तेव्हा जेद्दापर्यंत जाणाऱ्या एका ओळखीच्या कुटुंबाच्या गाडीत माझी जागाही ठरवून आले होते. पासपोर्ट त्यांनी माझ्या मांडीवर ठेवला. एकच होता.

"तुमचा?"

"माझं विचारलं नाही. दोन मागितले असते तर तुझाही मिळाला नसता."

इतके दिवस जायचं, जायचं म्हणून मी यांचं डोकं खाल्लं होतं. आता त्या निळ्या पुस्तकाला हात लावायचीही भीती वाटली. या बंद खोलीत भोंगा वाजल्यावर हे एकटे बसणार होते. मला रडू आवरेना.

"जाऊ नको म्हणा ना," मी म्हणाले.

 त्यांनी कपाटावरची बॅग खाली काढली आणि माझ्या साड्यांच्या घड्या घालू लागले.