सतरंजीवरचे कसिनो

गोव्याला मी एकदाच गेलो, निवृत्त शिक्षकांच्या सहलीबरोबर. गाइडनं आम्हाला नदीकाठी उभं करून लांबूनच बोटी दाखवल्या आणि म्हणाला, हे कसिनो, आत जायचं तर पायात बूट पाहिजेत. आमच्यातल्या निम्म्यांच्या पायात चपला होत्या, त्यामुळे प्रश्नच मिटला. काही कसिनो पाण्यावर असतात आणि काही जमिनीवर, मोठ्या हॉटेलांत, असंही त्यानं सांगितलं. जमिनीवरचे बघायचे राहिले याची रुखरुख मला कधी लागली नाही. गेल्या महिन्यात मात्र मी एकाच दिवसात जमिनीवरचे तीन कसिनो बघून आलो आणि त्यासाठी हिंगोली जिल्हाही ओलांडावा लागला नाही. आमचे कसिनो शब्दशः जमिनीवर असतात. खाली सतरंजी, वर पत्रे आणि चपला बाहेर.

हौसेनं गेलो नव्हतो. सकाळी सात वाजता माझी धाकटी बहीण करुणा लेकीला घेऊन दारात उभी राहिली. लेक म्हणजे प्रज्ञा, अठरा वर्षांची, हातात प्लास्टिकची फाइल.

"दादा, हिचा नर्सिंगला नंबर लागला. उद्या नांदेडला होस्टेलचा फॉर्म द्यायचाय, त्याच्यावर बापाची सही पायजे. बाप परवापासून घरी न्हाई."

आमचे दाजी घरांची वायरिंग करतात. हात चांगला, माणूसही बोलायला गोड. पण एकदा तिरटला (तीन पानांचा डाव) बसले की दोन-दोन दिवस घर आठवत नाही, आणि फोन बंद.

"मी गेले की भांडण व्हतंय," करुणा म्हणाली. "तू मोठा हाईस, तुझं ऐकतील."

दाजींनी आजवर माझं काही ऐकल्याचं मला आठवत नाही, पण बहिणीसमोर हे बोलता येत नाही. मी एवढंच विचारलं की मला मेल्याला हे अड्डे कुठं माहीत?

"हिला हाईत ना माहीत," करुणा म्हणाली. प्रज्ञानं मान खाली घातली. लहानपणापासून बापाला बोलवायला तिलाच पाठवत आलेत, हे मला त्या दिवशी कळलं. सख्खा मामा असून कळलं नव्हतं.

पहिला कसिनो घरापासून दहा मिनिटांवर निघाला. मोंढ्याच्या (धान्यबाजाराच्या) मागं, एका बंद दुकानाच्या माडीवर, बाहेर पाटी 'मनोरंजन मंडळ'. प्रज्ञा जिन्याच्या पायथ्याशी थांबली, तिथल्या चपलांवरून नजर फिरवली आणि म्हणाली, "इथं न्हाईत."

"वर न जाताच?"

"पप्पांच्या उजव्या चपलेचा अंगठा निळ्या दोऱ्यानं शिवलाय मामा. मोच्याजवळ काळा दोरा नव्हता."

तरी मी वर गेलो. आलोच आहे तर बघावं, ही शिक्षकाची खोड. वीसेक पायऱ्या आणि माझे दोन्ही गुडघे. वर कूलर घरघरत होता, सतरंजीवर दहा-बारा माणसं गोल करून बसलेली. दाराशी एका बादलीत सगळ्यांचे मोबाइल. मला बघताच एकाएकी सगळी पानं मांड्यांखाली गेली, आणि एक टक्कल पडलेला गृहस्थ धडपडत उठून माझ्या पाया पडला.

"गुरुजी, तुमी? मी सातवी ब."

आशीर्वाद काय द्यावा, मला सुचेना. यशस्वी भव म्हणायची तर सोय नव्हती. दाजी काल संध्याकाळीच उठून औंढ्याला गेल्याचं त्यानं सांगितलं. "इथं पान लागत नव्हतं त्यांना. जागा बदलली."

औंढ्याची एसटी मिळाली ती खिळखिळी. खिडकीची काच अर्ध्यावर अडकलेली, ना वर ना खाली. बाहेर सोयाबीन पिवळं पडत आलेलं आणि हळद कमरेला लागलेली, रुंद पानांची, रस्त्याच्या दोन्ही अंगांना. एरवी मी अशा वेळी वहीत चार ओळी टिपतो. त्या दिवशी डोळा लागला. जाग आली तेव्हा माझं डोकं प्रज्ञाच्या खांद्यावर होतं आणि ती मला न हलवता तशीच बसली होती.

औंढ्यात देवळाकडं जाणारी गर्दी एकीकडं गेली, आम्ही दुसरीकडं. एका लॉजच्या मागच्या बोळात चहाची टपरी होती. टपरीवाले पांढऱ्या दाढीचे चाचा प्रज्ञाला बघून उठलेच.

"अरे बेटा, इत्ती बडी हो गई? बैठ, बैठ. अंदर मत जा." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "ये छोटी थी तो इसी बेंच पे बैठ के पहाड़े याद करती थी. बाप अंदर, ये बाहर."

"पप्पा?" तिनं विचारलं.

"सुबह उठ गए. बोले, सिद्धेश्वर को नई बैठक है." तिचा नर्सिंगला नंबर लागल्याचं ऐकून त्यांनी चहाचे पैसे घेतले नाहीत. "तकलीफ मत लो गुरुजी. पास हो गई ना बच्ची? बस."

मी पाठीमागच्या दारातून डोकावून घेतलं. तीच सतरंजी, तीच बादली, फक्त कूलरच्या जागी पंखा. दोन कसिनो बघितले की तिसऱ्यात नवीन काही नसतं, हे गोव्यातही असंच असेल.

सिद्धेश्वरला जीपनं गेलो. जीपमध्ये आम्ही पंधरा जण, वर एक शेळी. धरण भरलेलं होतं आणि पाण्यावरून येणारा वारा इतका गार की मी पाच मिनिटं नुसता उभा राहिलो. काठच्या खानावळीत भाकरी आणि तळलेली मासळी खाल्ली. मासळी ताजी, वर तिखट असं की कानातून वाफ निघावी. मी दोन भाकरी हाणल्या. प्रज्ञानं अर्धी खाल्ली आणि फाइलवर तेल सांडू नये म्हणून ती पूर्ण वेळ मांडीखाली धरून बसली.

इथली फजिती मात्र माझी एकट्याची. बैठक नवीन, त्यामुळे प्रज्ञालाही ठाऊक नव्हती. सकाळपासून पोरीच्याच मागं फिरत होतो, म्हटलं आता आपण पुढं व्हावं. एका पत्र्याच्या घराबाहेर तीस-चाळीस चपलांचा ढीग दिसला. दारात उभ्या माणसाला मी हळूच, डोळा बारीक करून विचारलं, "काय, बसलेत का आत?"

"व्हय, सकाळपून बसलेत. या ना, तुमीबी बसा."

आत गेलो. सतरंजी होती, गोल करून माणसंही बसली होती, पण पानं दिसेनात. मधोमध एका म्हाताऱ्या बाईचा फोटो, त्याला हार. आमच्याकडं दुखवट्याला जाणं म्हणजेही बसायला जाणं, हे मराठी शिकवण्यात उभी हयात गेलेल्या माणसाच्या ध्यानात आलं नाही. परत फिरायची सोय नव्हती. गुडघे कुरकुरत खाली बसलो, चेहरा पाडून कोरा चहा प्यालो आणि "फार चांगली बाई होती" असंही बोलून गेलो. शेजारच्या म्हाताऱ्यानं मला न्याहाळलं.

"तुमी कोन्या गावचे पाव्हणे?"

मला आता खोटं रेटवेना. त्याच्या कानाशी लागून खरं काय ते सांगितलं. माणूस मयताच्या घरचा, तरी त्याला हसू आवरेना, उपरणं तोंडाला लावून गदगदत राहिला. "त्या बसण्याचं इचारता व्हय? ते इथून दुपारी उठले. पोलिसाची गाडी दिसली म्हणून हट्ट्याकडं गेले समदे. गावाच्या अलीकडं, हळदीतल्या आखाड्यावर (शेतातल्या घरावर)."

मयत बाईच्या फोटोला मी जाताना मनापासून हात जोडले.

हट्ट्याला रिक्षा केली. मी आता थकलो होतो. अंग आंबलं होतं, पाय सुजले होते, आणि खरं सांगायचं तर मनातून दाजींना शिव्या घालून घालून त्याही संपल्या होत्या. रिक्षावाल्यानं आम्हाला पांदीच्या तोंडाशी सोडलं. चार वाजून गेले असतील. हळदीतून पायवाटेनं निघालो तसा आखाडा दिसला. दाराशी चपला होत्या. प्रज्ञा माझ्या पुढं होती. ती वाकली, एक चप्पल सरळ करून ठेवली, आणि मला कळलं की माणूस सापडला.

दाजी भिंतीला टेकून बसले होते. दाढी वाढलेली, डोळे लाल. लेकीला बघून चेहरा असा फुलला की माझा दिवसभराचा राग अर्धा विरघळला.

"आली का माझी बाई!" ते ओरडले आणि त्याच दमात हातातली पानं उघडली. तीन गुलाम. सतरंजीवर एकच कल्ला झाला.

"लेकीचा पायगुण हो," कोणीतरी म्हणालं.

"माझी लेक हाय ती," दाजी म्हणाले. "बाई, तू हालू नको. तिथंच थांब. एकच डाव."

प्रज्ञा दारात उभी राहिली. एक डाव झाला, दाजींनी मारला. दुसराही मारला. एका भल्या माणसाला पोरीची दया आली, त्यानं प्लास्टिकची खुर्ची पुढं केली. तर दाजीच म्हणाले, "खुर्ची नको. उभीच राहू द्या. जागा बदलली की पान बदलतं."

मला तेव्हा जे वाटलं त्याला राग म्हणत नाहीत. मला त्या माणसाची लाज वाटली, आणि आपण याला हिचा बाप म्हणून दिवसभर शोधत फिरलो याची जास्त वाटली. मी पुढं होऊन फाइलीतून फॉर्म काढला, पेन काढलं, आणि दोन्ही त्यांच्यासमोर धरलं.

"दाजी, पोरगी नर्सिंगला लागली. हितं एक सही करा अन् मग बसा आठ दिवस."

"करतो ना गुरुजी. कोन न्हाई म्हणतं? हात गुतलेत, एवढा डाव हूं द्या." त्यांनी फॉर्म घेतला, न वाचता मांडीवर ठेवला. पानं वाटली गेली. मांडी हलली, फॉर्म घसरून मधे गेला, आणि पुढच्याच क्षणी कुणीतरी त्याच्यावर पान टाकलं. मग दुसऱ्यानं टाकलं. कुणाचं लक्ष नव्हतं, दाजींचंही नव्हतं.

प्रज्ञा चपला काढून आत आली. वाकली, पानांच्या खालून फॉर्म ओढून घेतला आणि ओढणीनं पुसला.

"पप्पा, येते मी."

"अगं थांब ना! पान येऊन राहिलं!"

ते हे पानांकडं बघत म्हणाले. आम्ही बाहेर पडलो.

हळद संपते तिथं एक बांध होता, त्यावर मी मटकन बसलो. उद्याचं आता काय करायचं ते मला सुचत नव्हतं. प्रज्ञानं फॉर्म माझ्या गुडघ्यावर ठेवला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. 'पालकाची सही' असं तिथं छापलेलं होतं. 'वडिलांची' कुठंच नव्हतं. खाली कंसात 'विद्यार्थिनीशी नाते' आणि पुढं रिकामी जागा.

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. "पोरी, ही सही तर मीच सकाळी घरात करून दिली असती. तू वाचलं नव्हतंस?"

"वाचलं व्हतं. आईला न्हाई कळलं, मला कळलं व्हतं."

"मग माझे गुडघे काहून (का) फिरवलेस गावोगाव?"

ती म्हणाली, "म्हणलं, एकदा बघू मामा. माझ्यासाठी उठतात का."

मी सही केली. रिकाम्या जागेत 'मामा' लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आलं. फळ्यावर कधी आलं नव्हतं इतकं.

परतीची एसटी रिकामी होती. लोक गोव्याहून येतात तेव्हा तिथं कोण हरलं नि कोण जिंकलं ते सांगतात. मी चार ठिकाणं बघितली, एकही पान हातात धरलं नाही, तरी अंगातलं सगळं बळ हरून आल्यासारखं वाटत होतं. दाजींना मी वाईट माणूस म्हणू शकत नाही. लेक दारात दिसल्यावर त्यांना खराच आनंद झाला होता. तो आनंद कशाचा, एवढंच मला आखाड्यावर कळलं, आणि तिलाही कळलं. ती खिडकीशी बसून बाहेर बघत होती. रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

औंढा मागं पडलं तेवढ्यात माझा फोन वाजला. दाजी. बादलीतून मोबाइल काढला होता म्हणजे. क्षणभर मला वाटलं, माणूस उठला.

"गुरुजी, प्रज्ञा हाय का जवळ?"

"हाय."

"उद्या जरा तिला घेऊन येता का इकडं? ती गेली अन् पान पार फिरलं बघा."

"उद्या ती नांदेडला चालली."

"मंग परवा?"

मी फोन ठेवला. प्रज्ञा माझ्याकडं बघत होती. "पप्पा व्हते ना? काय म्हणले?"

"सही करायची राहून गेली म्हणून हळहळत होते," मी म्हणालो. "म्हणाले, पोरीला सांगा, मन लावून शीक."

"खरंच?"

"खरंच."

तिचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला. तिनं लगेच आईला फोन लावला. "आई, सही झाली. अन् पप्पांचा फोन आलता मामाला. मन लावून शीक म्हणले."

माझ्या बहिणीचा त्या माणसाशी वीस वर्षांचा संसार आहे. ती एवढंच म्हणाली, मामाला दे. मी फोन कानाला लावला.

"दादा," करुणा म्हणाली, "बरं केलंस."