अर्जावरचं नाव

३ मार्च. मिरचीचा हंगाम तोंडावर आला म्हणून कांडप यंत्र पुसत होते. ठसका लागला आणि माझी मैत्रीण शमीम आठवली.

यंत्राची कल्पना तिचीच. अनुदानाचा अर्ज द्यायला आम्ही दोघी उमापूरहून बीडला गेलो होतो. ती तान्ह्या लेकीला घेऊन बाहेर गेली, तेवढ्यात कारकून म्हणाला, "बाई, गावाला एकच अनुदान हाय. नाव कुणाचं लिहू?" मी माझं सांगितलं.

शमीम हसत आत आली. "आपलं झालं का गं? आता पहिली तुझी सासूच कांडू!"

"झालं," मी म्हणाले.

पुढं ती मरेपर्यंत माझ्याकडं मजुरीनं मिरच्या निवडत राहिली. अर्जाबद्दल एका शब्दानं बोलली नाही. तेव्हा माझं नाव देणं हा मला व्यवहारीपणा वाटला होता. आता यंत्र बंद केलं, की तिचं 'आपलं' ऐकू येतं.

४ मार्च. सकाळी तिच्या लेकीकडं गेले आणि कांडपातली निम्मी भागीदारी तिच्या नावानं लिहून दिली.