पालथं टोपलं

तिचं नाव मी मुद्दामच विचारलं नाही. विचारलं असतं, तर युनियनच्या सभेत ते मलाच घ्यावं लागलं असतं.

त्या हंगामात ती कळंबकडून नेरच्या जिनिंगमध्ये आली होती. नाकावर पदर बांधून, सरकी काढणाऱ्या रेच्यात कापूस टाकत बसायची. मी युनियनचा सेक्रेटरी. मालकानं नवी यंत्रं आणून अर्ध्या बायांना घरी बसवायचं ठरवलं, तेव्हा फाटकापाशी मी घसा बसेस्तोवर भाषण केलं. बाया जांभया देत ऐकत होत्या. त्यांच्यातच माझी बायको. "चाला आता, सैपाक राह्यला," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मालकानं मला एकट्याला बोलणी करायला आत बोलावलं. मी टोपी सारखी करून निघालो. तेवढ्यात ती उठली, आपलं टोपलं पालथं घातलं आणि त्यावर बसली.

"भाऊ, एकटा आत गेलेला मानूस मालकाचा होऊन बाहेर येते. त्यालेच इकडे बोलवा."

मी हसलो. पण माझ्यामागे धपाधप टोपली पालथी पडत गेली आणि रेचे रिकामेच फिरू लागले. शेवटी मालक धोतर सावरत अंगणात आला. कोणालाच काढणार नाही, असं सगळ्यांदेखत कबूल करून गेला.

लोक मला शाबासकी देत होते. ती शाबासकी मला अजून टोचते.

तिच्यामागोमाग पहिलं टोपलं पालथं घातलं ते माझ्या बायकोनं. माझ्या सांगण्यावरून तिनं घरातला पाटसुद्धा कधी हलवला नव्हता.