सत्कारमूर्तींचे वडील

आमच्या मंडळात सत्कार झाल्याशिवाय काही सुरू होत नाही. पाहुणा दिसला की शाल आणि नारळ. तो कोण, कशासाठी आला, ही चौकशी सवडीनं. देश सोडून सिंगापूरला आलो, पण ही हौस सामानाबरोबर आणलीच.

वुडलँड्सला माझ्या मजल्यावर एक चिनी आजी राहतात. नव्वदीकडे झुकलेल्या, एकट्या. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी सिंगापूर घेतलं तेव्हा त्या लहान होत्या. इथल्या विद्यापीठात संशोधन करणाऱ्या एका पुण्याच्या मुलीनं त्या काळावर माहितीपट केला, त्यात आजी बोलल्या आहेत. स्वतःच्या मुलांनाही कधी सांगितलं नव्हतं, ते बोलल्या आहेत. 'आपल्या मुलीची फिल्म' म्हणून मंडळानं ती बुकित तिमाहच्या एका काँडो सोसायटीच्या हॉलमध्ये दाखवायचं ठरवलं. आजी मला म्हणाल्या, "मी पण येते. लोक बघतील तेव्हा मला त्यांच्यासमोर बसायचंय." लपवून लपवून त्या थकल्या होत्या.

फिल्म आधी कुणीही पाहिली नव्हती. अध्यक्ष तांजोंग पगार भागातल्या एका बँकेत मोठे साहेब. युद्धाचा विषय आणि म्हातारी पाहुणी, एवढ्यावरून हिचा बाप जपान्यांशी लढला असणार, हे त्यांनी ताडलं होतं. माईकवरून म्हणाले, "शूर पित्याची ही शूर कन्या." फिल्म केलेली ती मुलगी धावत त्यांच्याजवळ गेली. "सर, तसं नाहीये ते. आधी ऐका तरी."

"सत्कार आधी, बाकी नंतर," म्हणत साहेबांनी तिला बाजूला केलं. आजी शाल दूर सारत म्हणत होत्या, "नो नीड लाह, नो नीड." हा विनय समजून लोकांनी आणखी जोरात टाळ्या वाजवल्या.

मग फिल्म. पडद्यावर आजी सांगत होत्या: माझ्या बापाच्या डोक्यावर गोणपाटाची पिशवी असायची, डोळ्यांपुरती दोन भोकं. जपानी शिपाई आमच्या गल्लीतली माणसं त्याच्यासमोरून रांगेनं न्यायचे. ज्याच्याकडे बघून तो मान हलवायचा, त्याला लॉरीत चढवायचे. लॉरी परत यायची, माणसं यायची नाहीत. आम्हाला तांदूळ मिळायचा. मी तो खाऊन वाढले.

दिवे लागले. जरा वेळ गप्प बसायला काही हरकत नव्हती, पण आमच्या लोकांना शांतता सोसत नाही. अध्यक्षांनी माईक धरला आणि आजींना कळावं म्हणून मुद्दाम इंग्रजीत सुरू केलं. काळच तसा होता, बिचाऱ्याचा नाइलाज होता, पोराबाळांसाठी माणूस काय करत नाही, आपण मोठं मन करू या. हॉलभर माना डोलल्या. मेली ती दुसऱ्यांची माणसं, आणि हे लोक बटाटेवडे गार व्हायच्या आत त्यांच्या वतीनं माफी देऊन मोकळे. मला त्या सगळ्यांची शिसारी आली.

आजी काठी टेकत उठल्या. माईक त्यांनी मागितला नाही. पण शेवटच्या रांगेपर्यंत जाईल अशा आवाजात, साध्या इंग्रजीत म्हणाल्या, "माझ्या बापाला तुम्ही माफ करू नका. ज्यांना तो हक्क होता, ते लॉरीतून गेले."

मला वाटलं, आता तरी पोचलं.

"आजी जरा भावुक झाल्या आहेत," अध्यक्ष म्हणाले. "त्यांनी दोन शब्द सांगितले, त्याबद्दल मंडळ त्यांचं आभारी आहे." आणि सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.