माधवरावांचा हिमालय

तीन मास्तर एका खोलीत बसले की किस्से आपोआप साचतात. आम्ही तर एका दोराला बांधून घेतलेले तीन मास्तर. भूगोलाचे माधवराव, ड्रिलचे गुंडप्पा अण्णा आणि सगळ्यांत लहान मी. बीदरच्या शाळेत, हैदराबाद स्टेट असतानाची गोष्ट.

माधवराव मूळ दुबलगुंडी गावचे. बर्फाचा डोंगर त्यांनी फक्त फळ्यावर पाहिलेला, तोही स्वतःच काढलेला. पेपरात एका पहाडी वाटाड्याची जाहिरात आली, हौशी लोकांना उन्हाळ्यात शिखरावर नेतो म्हणून. माधवरावांनी ती कापून खिशात ठेवली. घडीवर फाटेपर्यंत ती खिशातच होती.

शेवटी त्यांनी रजेचा अर्ज केला, सोबत अण्णांचा आणि माझाही. हेडमास्तर साहेबांनी विचारलं, "एवढ्या लांब कामून जायलाव? बीदरला काय डोंगर न्हाईत?"

माधवराव म्हणाले, "पंधरा वर्षं पोरांना हिमालय काढून दाखवायलोय साहेब. खोटा काढला का खरा, एकदा बघून येतो."

साहेबांनी तिघांचीही रजा मंजूर केली.

*

मग सराव. किल्ल्याच्या उतारावर पाठीला दगड बांधून आम्ही चढायचो. थंडीचा सराव कसा करायचा, हा प्रश्न होता. बाहेर एप्रिलचं ऊन. हैदराबादहून रेल्वेनं भुशात गुंडाळलेला बर्फ यायचा. माधवरावांनी एक लादी मागवली आणि बर्फाच्या दुकानासमोरच अनवाणी तिच्यावर उभे राहिले, हातात घड्याळ धरून.

बर्फवाले चाचा थोडा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "मास्टरसाब, लोगां इसकू खाते. आप इसपे खडे हो रैं."

*

वाटाड्याचं नाव पासंग. बूट, दोर, जाड कोट सगळं त्याचंच. खाणं मात्र आमचं. गुंडप्पा अण्णांच्या घरून कडक भाकरीची थप्पी आणि शेंगाचटणी आली होती. वरच्या तंबूत त्या भाकरीचा दगड झाला. पासंगनं एक तुकडा तोंडात धरला, बराच वेळ चावला, मग बाहेर काढून हातात ठेवला.

म्हणाला, "पहाड़ हम चढ़ा देंगे. यह आप खा लीजिए."

*

शिखर मात्र दिसायला तयार नव्हतं. सहा दिवस ढग. माधवराव पहाटे तंबूतून डोकं काढायचे, वर बघायचे आणि परत आत यायचे. अण्णांचं डोकं चढलं, उलट्या सुरू झाल्या, म्हणून ते तंबूतच राहिले. सातव्या दिवशी आम्ही तिघे निघालो. पुढे पासंग, मधे माधवराव, मागे मी.

दुपारच्या आधी माझे पाय गेले. म्हणजे होते, पण माझे वाटत नव्हते. मी ते कुणाला सांगितलं नाही. पाऊल वाकडं पडायला लागलं तसं पासंगनं दोर थांबवला, माझे बूट काढून बोटं बघितली आणि म्हणाला, इथून खाली. शिखर तासाभरावर होतं. माधवरावांना न्यायचं तर मला एकट्याला बर्फात बसवून ठेवावं लागलं असतं.

माधवरावांनी शिखराकडं पाठ केली. माझ्यासमोर गुडघ्यावर बसले, माझे पाय आपल्या कोटाच्या आत, पोटाशी धरले आणि चोळत राहिले. पासंग खाली वाकून दोर सोडवत होता.

तेवढ्यात त्यांच्या पाठीमागे ढग फाटले. सगळं शिखर उघडं पडलं, अगदी वरपर्यंत. दहा-वीस श्वास राहिलं असेल. मग ढग परत मिटले. मी बोललो नाही. आजही सांगता येत नाही का ते.

माझी बोटं वाचली. आम्ही बीदरला आलो. शाळेत पोरांनी विचारलं तर माधवराव सांगायचे, वर धुकं होतं.

*

छप्पन साली स्टेट मोडलं. बीदर म्हैसूर राज्याकडं गेलं. माधवरावांनी मुंबई राज्यात गेलेल्या उदगीरकडची शाळा मागून घेतली. त्यांना सोडायला मी बसस्टँडवर गेलो होतो. ट्रंक टपावर चढली. ड्रायव्हर येऊन बसला.

माधवरावांनी एक पाय पायरीवर ठेवला आणि मागं वळले.

"त्या दिशी मी पाय चोळायलो तवा, तू माझ्या खांद्यावरून काय बघायलास?"

दोन वर्षांत त्यांनी हे पहिल्यांदा विचारलं होतं.

"काही न्हाई, मास्तर. ढगच होते."

त्यांनी मान हलवली. आत गेले, खिडकीशी बसले. बस सुरू झाली तसं बाहेर वाकून म्हणाले, "ढगाकडं बघून कोण रडतंय व्हय?"