रस आणि चोथा

माझ्या थोरल्या भावाच्या गालाचं ऑपरेशन अकोल्याला झालं. ऐन तारुण्यापासून तो तंबाखू-सुपारीचा खर्रा गालात धरायचा, आणि शेवटी त्याच बाजूला जखम झाली, ती भरली नाही. ऑपरेशननंतर बरेच दिवस जेवण नाकातल्या नळीतून गेलं. नळी निघाली, तरी तोंड उघडेना. दातांच्या फटीतून चमचा तिरका करून आत सारावा लागायचा. भाकरी, भाजी, वरण-भात, सगळं बंद. त्यात त्याला साखरेचा आजार आधीपासून होता.

त्याचं घर मेडशीला, शेती सोयाबीन आणि तुरीची. मी रिसोडला शाळेत शिकवते. दर रविवारी मालेगावला बस बदलून मी त्याच्याकडे जायचे. जाताना पिशवीत काय न्यायचं हा माझ्यापुढचा एकच प्रश्न असायचा. आजारी माणसाकडे फळं न्यायची, एवढंच आपल्याला ठाऊक असतं. भेटायला येणारा प्रत्येक जण तेच आणत होता. ओसरीतल्या फळीवर सफरचंदं, डाळिंबं, मोसंबी आणि ज्यूसचे रंगीत खोके ओळीनं लागलेले. पुण्याहून त्याच्या लेकीनं कुरिअरनं सुक्या फळांचा मोठा डबा पाठवला होता. अंजीर, मनुका आणि एक हिरव्या चकत्यांचं फळ, ज्याचं नाव घरात कोणालाच घेता येत नव्हतं. एवढी फळं त्या घरात कधी आली नव्हती, आणि ज्याच्यासाठी आली त्याला एक फोडही चावता येत नव्हती.

वहिनी सकाळ-दुपार चुलीपुढे बसून रस काढायची. डाळिंबाचे दाणे वाटायचे, जुन्या धुतलेल्या लुगड्याच्या फडक्यात घालून पिळायचे. अर्धा पेला रस निघाला की ती तो भावापुढे धरायची. त्याला तेवढा प्यायलासुद्धा पुष्कळ वेळ लागायचा. ओठाच्या एका कोपऱ्यातून थोडा बाहेर यायचा. तो तिकडे वळून पुसून घ्यायचा, आम्हाला दिसू नये म्हणून.

एका रविवारी मी चष्मा लावून ज्यूसच्या खोक्यावरची बारीक अक्षरं वाचली. पाणी आणि साखर आधी, फळाचा गर नंतर, तोही थोडासाच.

"वहिनी, हे देऊ नका त्याला," मी म्हणाले. "यात फळ कमी आन साखरच जास्त आहे."

"मंग काय देऊ बाई? त्यायले गिळता तर आलं पाहिजे. हे गिळता येते."

तिचं चुकत नव्हतं. भाऊ खाटेवरून काहीतरी बोलला. गालातला भाग काढल्यापासून त्याचं बोलणं मला नीट कळायचं नाही. वहिनीला कळायचं.

"ते म्हनून राह्यले का डाळिंब नका आनू आता. लय महाग पडते, आन पोटात जाते पानीच."

त्या आठवड्यात मी रिसोडच्या बाजारात मुद्दाम हिंडले. आजवर फळं घेताना मी भाव विचारायचे आणि पिशवी पुढे करायचे. या वेळी प्रत्येक गाडीपाशी थांबून विचार केला की याचं त्याच्या पोटात नेमकं काय जाईल. रसवंतीवर डाळिंबाचा एक पेला ज्या भावात मिळत होता, त्यात एक भलीमोठी पिकली पपई आणि वर डझनभर केळी येत होती. सफरचंद चकचकीत आणि सगळ्यांत महाग, पण त्याचा रस काढला की उरतं ते गोड पाणी. मोसंबी स्वस्त होती, पण तिची आंबटाई जखमेला झोंबायची. अंजीर आणि मनुका भिजवून वाटता आल्या असत्या, पण त्यांत साखर एकवटलेली. पेरू सगळ्यांत स्वस्त. बिया मात्र भावाच्या तोंडात अडकल्या असत्या. मी पपई आणि केळी घेतली. बसमध्ये पपई मांडीवर धरून बसले आणि वाटलं, माणूस निरोगी असताना यातलं काहीच आपल्याला कळत नाही.

पुढच्या तपासणीला आम्ही तिघं अकोल्याला गेलो. रक्तातली साखर बरीच वाढलेली निघाली. डॉक्टरांनी आम्हाला आहार सांगणाऱ्या बाईंकडे पाठवलं. चाळिशीच्या असतील त्या, आवाज शांत. भाऊ दमला होता, तो बाहेर बाकावर बसला. दार उघडंच होतं.

वहिनीनं दिवसभराचं सगळं सांगितलं. सकाळी फळीवरच्या डाळिंबांचा रस, दुपारी सफरचंदाचा, संध्याकाळी, मी नको म्हणूनही, खोक्यातला, आणि मधे पपई-केळ्यांचं गाळलेलं पाणी.

"रस गाळून देता?" बाईंनी विचारलं.

"व्हय जी. बारीक फडक्यानं."

"आता गाळू नका. फळ अख्खं घ्या, मिक्सरमधून काढा, दुधात किंवा पाण्यात पातळ करा आणि तसंच द्या. रसानं साखर लवकर चढते. पोट भरणारा, साखर हळू चढू देणारा भाग चोथ्यात राहतो. आणि नुसत्या फळांवर वजन वाढणार नाही. दूध, अंडं, डाळीचं घट्ट पाणी हवं." मग त्या सहज म्हणाल्या, "इतके दिवस चांगलं ते सगळं फेकलं तुम्ही."

"फेकलं नाई जी," वहिनी म्हणाली. "ते माह्या पोटात जात होतं."

बाई लिहिता लिहिता थांबल्या.

"चोथा?"

"व्हय. मीठ-तिखट टाकून भाकरीसंगं. सायपाक एकटीसाठी कोन करते? यायले काही खाता येत नाई, त्यायच्यापुढं कढईत फोडनी द्यायची मले हिंमत होत नाई. वास जातो त्यायच्या नाकात."

हे ती तक्रार म्हणून सांगत नव्हती. विचारलं म्हणून सांगितलं, एवढंच. मी तिच्या शेजारी बसले होते. दर रविवारी मी त्या घरात दुपारभर असायचे. मी येताना डबा घेऊन यायचे आणि आम्ही दोघी तो खायचो. बाकीचे सहा दिवस ती काय खात असेल हा विचार कधी माझ्या मनात आला नव्हता, आणि आमच्यापैकी कोणाच्याच आला नव्हता.

बाईंनी तिचा हात हातात घेऊन नखं पाहिली, डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. नखं पांढरीफटक होती.

"यांचं रक्त तपासून घ्या," त्या मला म्हणाल्या. "आजच."

आम्ही बाहेर आलो तेव्हा भाऊ बाकावर ताठ बसला होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. तो वहिनीकडे बघत होता आणि वहिनी रक्त तपासायची खोली कुठं आहे ते शोधत होती.

तिच्या अंगात रक्त फारच कमी निघालं. गोळ्या लिहून मिळाल्या. गोळी जेवणासोबत घ्या आणि त्याबरोबर पेरू, आवळा असं काही खा, म्हणजे ती अंगी लागते, असं बाईंनी सांगितलं. अकोल्याच्या स्टँडवर मी पेरू घेतले. भावानं एक पेरू मागून घेतला, हुंगला आणि वहिनीच्या हातात ठेवला. तो काही बोलला. या वेळी ते मलाही कळलं.

"खाय."

"घरी जाऊन खातो," ती म्हणाली.

"आत्ता."

बसस्टँडवर, भरल्या गर्दीत, नवऱ्यापुढे उभं राहून तिनं तो पेरू खाल्ला. चावताना तिनं पदर तोंडापुढे धरला होता. तो तिच्या चावण्याचा आवाज ऐकत होता, असं मला वाटलं. डोळे मिटलेले होते त्याचे.

त्यानंतर घरात मिक्सर आला. पपई, केळं, चिकू दुधात घुसळून, न गाळता. वहिनी पेला घेऊन आली की भाऊ तोंड घट्ट मिटून घ्यायचा आणि हातानं चुलीकडे दाखवायचा. आधी तिचं ताट वाढलेलं दिसलं पाहिजे. पहिल्या दिवशी ती रागावली.

"मी मागून खाईन ना. कायले आडून बसता?"

तो हलला नाही. शेवटी तिनं भाकरी आणि पातळ भाजी वाढून घेतली आणि त्याच्यासमोर बसून जेवली. फोडणीचा वास घरभर झाला. त्यानं पेला हातात घेतला आणि तिच्याबरोबर घोट घोट प्यायला लागला. मी दारात उभी होते. मला आत जाववेना.

पुढचे महिने कठीण गेले. किरणांचे शेक सुरू झाले तेव्हा त्याचं तोंड आतून सोलून निघालं. केळंसुद्धा झोंबायचं. थंड पपईचा गर तेवढा चालायचा, तोही चमचा-चमचा. सोयाबीनच्या सोंगणीला, कापणीला, घरचं कोणी नव्हतं, म्हणून शेत बटईनं, पिकाच्या वाट्यावर, दिलं. लेक पुण्याहून येऊन राहिली. तिनं पाठवलेला डबा अजून फळीवर होता, तो पाहून तिला रडू आलं. वहिनी तिला जवळ घेत म्हणाली, "तुले तरी काय माहीत होतं. आमाले भी नोतं." मग तिनं ते अंजीर भिजवून लेकीलाच खायला घातले.

हिवाळ्यात तो जरा सावरला. तोंड बोटभर उघडायला लागलं. मऊ खिचडी जाऊ लागली. ओसरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलायचा, आणि लोक ऐकायला थांबायचे, कळो न कळो. पण उन्हाळ्यात मानेत गाठ आली. या वेळी डॉक्टरांनी फारशी आशा दाखवली नाही. पेरणी झाल्यावर, घरी, खाटेवरच तो गेला. शेवटच्या दिवसांत त्याला पाण्याशिवाय काही नको होतं, आणि आम्ही काही आग्रह केला नाही.

दिवस झाल्यावर नातेवाईक गेले, लेकही गेली. वहिनीला मी रिसोडला चला म्हणाले. ती आली नाही. शेत तिनं बटईवरून सोडवून घेतलं आहे. महिन्या-दोन महिन्यांनी ती एकटीच जीपनं मालेगावला जाते, रक्त तपासून येते आणि संध्याकाळी मला फोन करते.

"वाढलं म्हने थोडं," ती सांगते.

"काय जेवल्या आज?"

ती सगळं सांगते, भाजी कुठली, भाकरी कशाची. मी ते शेवटपर्यंत ऐकून घेते. मग ती तुरीवर अळी पडल्याचं सांगायला लागते.